आधी रोगकारण, मग पुनरुज्जीवन

नामशेष झालेला प्राणी परत आणावा काय, हा प्रश्न आपल्या मध्य प्रदेशात आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. १९५२ साली भारतातून नामशेष घोषित झालेला चित्ता १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून कुनोत आला. २०२५ साली तर लांडग्याच्या जनुकांत फेरफार करून, हजारो वर्षांपूर्वी लुप्त झालेला ‘डायर वुल्फ’ परत आणल्याचा दावा अमेरिकेतील एका कंपनीने केला.

या प्रयत्नांचे कौतुक मलाही आहे. परंतु वैद्यकाला दुसरा प्रश्न आधी सुचतो : रोगी ज्या कारणाने दगावला, ते कारण दूर झाले काय?

गिधाडाचे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या अगदी निकटचे आहे. १९९०च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने घटली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घसरली. २००४ साली कारण प्रसिद्ध झाले : डायक्लोफेनॅक. हे औषध दिलेले जनावर लवकरच मेले व त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे थर साचतात.

२००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरीही माणसांसाठी बनलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांपर्यंत पोहोचतच राहिल्या; म्हणून २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपीही एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची करावी लागली. म्हणजे ही वाट आपल्याच औषधांच्या कपाटातून गेली होती.

दुखणाऱ्या जनावराला औषध देऊ नये, असे कोण म्हणेल? शेतकऱ्याचे पोट त्याच्यावर अवलंबून असते. पण मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. तेव्हा पशूची वेदना आणि पक्ष्याचा जीव यांत निवड करण्याची वेळच येत नाही.

भोपाळजवळ केरवा येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तेथे वाढलेले पक्षी उद्या मोकळ्या आकाशात जातील; त्यांना खाली विषारी मांसच मिळणार असेल, तर ते पुनरुज्जीवन नव्हे, मृत्यूची पुनरावृत्ती होय. लुप्त प्राणी परत आणण्याचा नैतिक अधिकार, जे अजून जिवंत आहेत त्यांना जगू देणाऱ्यालाच पोहोचतो.

आपल्या हाती एवढे निश्चित आहे : माणसांचे डायक्लोफेनॅक गोठ्यात जाणार नाही, याविषयी आपण औषधविक्रेत्यांशी व ग्रामीण रुग्णांशी आवर्जून बोलावे. प्रतिबंध हा उपचाराहून श्रेष्ठ, हे आपण रोजच सांगतो. ते येथेही लागू करावे.