कुंपणापलीकडची हिरवळ

क्रीडांगण म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे शाळेमागचे धुळीचे मैदानच उभे राहते. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आमच्या जावयांनी दक्षिण स्पेनमधील सोतोग्रांदे येथे वाल्देर्रामा गोल्फ क्लबची हिरवळ दाखविली, तेव्हा आम्ही क्षणभर अवाक् झालो. रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेले हे मैदान १९७४ साली खुले झाले. जागोजागी बुचाचे जुने ओक वृक्ष. त्यांची साल ठरावीक वर्षांनी सोलतात, तरी झाड जगते व पुन्हा साल धरते. क्लब सभासदांचा, पाहुण्यांना मर्यादित प्रवेश. आम्ही आपले दबक्या पावलांनीच हिंडलो.

१९९७ साली येथे रायडर चषकाचे सामने झाले. युरोपच्या मुख्य भूमीवर ते प्रथमच होत होते. अमेरिकेवर एका गुणाने मात करणाऱ्या युरोपीय संघाचे नायक होते सेव्हे बालेस्तेरोस. उत्तर स्पेनमधील पेद्रेन्या गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी गावच्या क्लबात तो इतरांच्या काठ्या वाही. स्वतः खेळण्याची मोकळीक मात्र त्याला नव्हती. थोरल्या भावाने दिलेल्या एकाच काठीने समुद्रकाठच्या वाळूत त्याने हा खेळ आत्मसात केला.

हे ऐकताना आम्हांस आमच्याच मैदानाचे कुलूप आठवले. शाळा सुटली की बाहेरची पोरे आत शिरू नयेत म्हणून ते आम्हीच लावविले होते. परतताच शिपायास सांगितले, "सायंकाळी फाटक उघडे असू द्या."