पदवीधर कीं भात्यावरचा पोऱ्या?

विद्यापीठांच्या दारांत सध्यां एका नव्या मंत्राचा घोष चालला आहे. विज्ञानाची पदवी कारखानदारांना विचारून बेतावी, शिकत्या मुलांस कारखान्यांत धाडावें, म्हणजे पदवी हातीं पडतांच नोकरी मिळेल, असा तो मंत्र. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ सालीं उमेदवारीसह पदवीचे नियम काढले. त्यांप्रमाणें तीन वर्षांच्या, म्हणजे सहा सत्रांच्या, पदवींतलीं एक ते तीन सत्रें मुलानें कामाच्या जागीं काढावयाचीं आहेत. आपल्या राज्यानेंहि २०२३ च्या एप्रिलांतील शासननिर्णयानें पदवीच्या आराखड्यांत प्रत्यक्ष कामावरच्या शिक्षणाला जागा दिली. मंत्र कानाला गोड आहे. बी. एस्सी. होऊन घरीं बसलेला पोरगा आज कोणत्या आळींत नाहीं? कर्ज काढून शिकविलेल्या पोराला "आतां पुढें काय?" असें विचारण्याची ज्यांना चोरी झाली, ते आईबाप या मंत्रानें हुरळून गेले तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. म्हणूनच आम्हांस रोखठोक लिहिणें भाग आहे.

प्रथम या योजनेला सोवळें नेसून विरोध करणाऱ्यांचा समाचार घेऊं. हे विद्वान् म्हणतात कीं विद्या विद्येसाठीं असते, तिला पोटाचा विटाळ होऊं नये. फार छान! ज्यांच्या घरांत तीन पिढ्या पेन्शन येत आहे, ज्यांचीं मुलें मामा-काकांच्या ओळखीनें आधीं खुर्चीवर बसतात व मग पदवी आणतात, त्यांना पोट आठवत नाहीं हें बरोबरच आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें तें याच दुखण्यावर. शाळा-कॉलेजें चालतात रयतेच्या घामाच्या पैशावर, लाभ होतो वरच्या थरांचा, आणि आंतून निघतात ते कारकून; स्वतंत्र धंदा करूं शकेल असा माणूस निघत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. प्राथमिक शाळेंतच शेतकीचें ज्ञान द्या, अशी त्यांची मागणी होती. कर्मवीर भाऊरावांनीं १९४७ सालीं साताऱ्याला छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें तें "कमवा आणि शिका" या पायावर. तेव्हां शिक्षणाला कामाची सांगड घालणें ही कांहीं आजच्या साहेबांनीं काढलेली टूम नव्हे. ती आमच्या चळवळीची जुनी मागणी आहे. ती पुरी होते आहे म्हणून आनंद मानावा, तर ज्या हातांनीं ती पुरी होते आहे त्या हातांकडेहि बघावें लागतें.

उमेदवारी म्हणजे काय, हें कारागिरांच्या घरांत कोणी शिकवावें असें नाहीं. लोहाराचा पोर आधीं भाता ओढतो, मग सांडशी धरतो, मग घण मारतो, मग गांवाचे फाळ-कुदळी शेवटतो आणि सर्वांत मागून पातें पाण्यांत घालावयास शिकतो. लोखंड कोणत्या रंगावर आलें म्हणजे बुडवावें हें डोळ्याला कळलें कीं तो लोहार झाला. कोणत्याहि बापानें पोराला दहा वर्षें नुसत्या भात्यावर बसवून "हा घ्या लोहार" म्हणून गांवाच्या हवालीं केलेला नाहीं. कॉलेजानें यांत एकच भर घालावयाची असते. तो रंग कां बदलतो, पोलादांत कार्बन किती असला म्हणजे धार टिकते आणि फार झाला म्हणजे पातें कांचेसारखें कां उडतें, याचें कारण सांगावयाचें.

आतां नवी उमेदवारी पहा. आमच्या शाळेंतून गेलेला एक सुताराचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजांत रसायनशास्त्र घेऊन शिकला. प्रयोगशाळेंत एका ब्युरेटभोंवतीं पांच मुलें; एक करी, चार वहींत उतरवून घेत. मग त्याला औषधांच्या एका कारखान्यांत उमेदवारीला धाडलें. तेथें चार महिने त्यानें खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. औषधाची शुद्धता जेथें तपासतात ती खोली त्यानें एकदांच पाहिली, तीहि कांचेच्या बाहेरून. परत आल्यावर कॉलेजानें त्याला त्या चिठ्ठ्यांचे गुण दिले! बरें, गुण मिळाले, नोकरीचें काय? कारखान्यानें पुढच्या सत्राचीं दुसरीं पोरें घेतलीं. चिठ्ठी चिकटविणारा पोऱ्या दर सहा महिन्यांनीं नवा आणि स्वस्त मिळत असतां जुन्याला पूर्ण पगार कोण देतो?

कायदाहि मालकाच्याच अंगणांत उभा आहे. १९६१ चा उमेदवारी कायदा स्वच्छ सांगतो कीं उमेदवार हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरींत घेण्याचें बंधन त्या कायद्यानें मालकावर घातलें नव्हतें. २०१४ च्या दुरुस्तीनें फरक झाला तो एवढाच कीं मालकानें याबाबतचें आपलें धोरण आपणच ठरवावें. म्हणजे मांजरानेंच दुधाचा वांटा ठरवावा! पदवीधर उमेदवाराला २०१९ च्या नियमांनीं दरमहा किमान ९,००० रुपये ठरविले, आणि सरकारच्या योजनेंत या किमान रकमेचा अर्धा भाग सरकार भरीत आलें आहे. सरकार भरतें म्हणजे कोण भरतो? काडीपेटीवरहि कर देणारी रयतच ना? शिकाऊ म्हणावयाचें असेल तर शिकवा. राबवून घ्यावयाचें असेल तर कामगार म्हणा आणि कामगाराचा पगार टाका.

कोणी म्हणेल, कारखाना आणि विद्यापीठ एकत्र आल्यानें भलें होतच नाहीं काय? होतें, आणि त्याचा दाखला मुंबईंतच आहे. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. मुंबई तेव्हां गिरण्यांची. म्हणून कापडाचें रसायन आणि रासायनिक इंजिनियरिंग असे दोन विषय घेऊन तो सुरू झाला. गरज गिरणीची होती, पण शिकवण होती ती रंग धाग्याला कां धरतो येथपासून; रंगाची बादली कशी ढवळावी एवढीच नव्हे. पुढें १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बसल्या. साताऱ्या-रत्नागिरीकडून गेलेले आपले किती भाऊबंद, ज्यांना एका साच्याखेरीज दुसरें कांहीं कोणीं शिकविलें नव्हतें, ते ऐन पन्नाशींत भाजीच्या गाडीवर आले किंवा परत वरकस रानांत आले! त्यांच्या हातांत कसब कमी नव्हतें. तें कसब ज्या यंत्राला बांधलें होतें तें यंत्रच भंगारांत गेलें. तो विभाग मात्र मेला नाहीं. कापडाच्या रंगावरून तो औषधांकडे वळला, प्लास्टिककडे वळला, आणि २००८ सालीं स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाला चढला. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. आंध्रांत गुंटूरकडे हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी याच विभागांत शिकला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतून १९६९ सालीं डॉक्टर झाला व १९८४ सालीं त्यानें स्वतःचा औषधांचा कारखाना उभारला. धंदा एकच, गिरणीचा. एकाला मूळ शिकविलें, दुसऱ्याला साचा दाखविला.

मूळ शिकवावें कीं साचा दाखवावा, हें ठरवितें अभ्यासमंडळ. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळावर आयोगाच्या नियमांनीं एक जागा उद्योगाच्या प्रतिनिधीसाठीं आहे. उद्योग म्हटला कीं प्राचार्यांच्या डोळ्यांपुढें टाय लावलेला गृहस्थ येतो. शेती हा उद्योग नव्हे काय? २०१० सालीं आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं तीं क्लोरमेक्वाट नांवाच्या वाढरोधकाचा अंश सांपडला म्हणून. मार बसला बागाईतदाराला, आणि तो अंश मोजण्याचें काम होतें रसायनशास्त्राचें. उसाचा साखर-उतारा, कोल्हापूरच्या फाउंड्रींतली सांच्याची वाळू, इचलकरंजीच्या रंगाचें सांडपाणी, हीं रसायनशास्त्राचींच प्रकरणें आहेत. दुधाचेंच घ्या. फॅटच्या आंकड्यावर आमच्या घरचें मीठमिरची चालतें, आणि तो आंकडा आम्हांस मुकाट्यानें मानावा लागतो. त्या यंत्राचा आंकडा खरा कीं खोटा हें तपासूं शकणारी, बी. एस्सी. झालेली आपली मुलगी गांवांत असली, तर डेअरीचा सचिव जरा जपून बोलेल. हीहि नोकरीच आहे, आणि ती मिळवावयास पुण्या-मुंबईची खोली भाड्यानें घ्यावी लागत नाहीं.

तेव्हां अभ्यासमंडळावर कंपनीचा साहेब खुशाल बसूं द्या, पण त्याच्या शेजारीं द्राक्षवाला बसवा, फाउंड्रीचा मिस्त्री बसवा, विणकर बसवा. पहिल्या दोन वर्षांच्या गणित-भौतिक-रसायनाला कात्री लावूं नका. मुलगा कोणत्या खोलींत, कोणाच्या हाताखालीं, काय शिकला हें कारखान्यानें लिहून द्यावें आणि कॉलेजाच्या शिक्षकानें जागेवर जाऊन पडताळावें. एका ब्युरेटभोंवतीं पांच पोरें हा तमाशा तर आजच बंद करा. ब्युरेट घ्यावयाला कोणा कारखानदाराची परवानगी लागत नाहीं.

आईबापांनो, येत्या जूनमध्यें प्रवेशासाठीं जाल तेव्हां फीची पावती फाडण्यापूर्वीं प्राचार्यांना विचारा: गेल्या वर्षीं किती मुलें उमेदवारीला धाडलीं, त्यांपैकीं किती तेथेंच पगारावर राहिलीं, आणि बाकीच्यांच्या हातून तेथें काय काम करवून घेतलें? उत्तर लेखी मागा. मिळालें तर तें उत्तर, आणि न मिळालें तर कॉलेजाचें नांव, या पत्राकडे पाठवून द्या.