हवामानरक्षण कीं साखररक्षण?

पेट्रोलमध्यें शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें जें उद्दिष्ट २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें २०३० सालासाठीं ठरविलें होतें, तें २०२५ मध्येंच गांठलें गेलें आणि सरकारनें स्वतःची पाठ थोपटून घेतली. सरकारी योजना मुदतीच्या पांच वर्षें आधीं पुरी व्हावी, हा योग आपल्याकडे इतका दुर्मिळ आहे कीं, टाळ्या वाजविणारांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु या यशाचें वर्णन करतांना परकीय चलनाची बचत व शेतकऱ्याचें उत्पन्न यांच्या जोडीस तिसरें एक पुण्य सांगितलें जातें, तें म्हणजे हवामानाचें रक्षण. पहिल्या दोहोंविषयीं वाद घालण्यासारखें पुष्कळ असलें, तरी त्यांत तथ्यांश आहे. तिसरें पुण्य मात्र हिशेब तपासल्याखेरीज पदरांत घालून घेण्यास आमची तयारी नाहीं.

प्रथम या योजनेची जन्मपत्रिका पाहावी. मोटारीच्या इंधनांत मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. त्यासाठीं १९४८ सालींच कायदा झाला होता, आणि तो २००० सालीं रद्द झाला. पुढें २००१ मध्यें मिरज, मनमाड व बरेली येथें मिश्रणाचे प्रयोग झाले, आणि २००३ पासून नऊ राज्यांत शेंकडा ५ मिश्रणास प्रारंभ झाला. १९४८ सालीं हवेंतील कार्बन डायऑक्साईडची काळजी कोणाहि मंत्र्यास नव्हती. प्रश्न होता तो साखर कारखान्यांत सांचणाऱ्या मळीचें काय करावें, हा. जिच्यांतून आणखी साखर काढणें परवडत नाहीं अशा मळीचा मद्यार्क करण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु २०१८ च्या धोरणानें मळीवरचा हात पुढें सरकविला. जिच्यांत अजून साखर शिल्लक आहे अशी ‘बी-हेवी’ मळी, मग उंसाचा रसच, आणि त्यामागून तांदूळ व मका! करपलेली भाकरी गुरांपुढें टाकणारी गृहिणी काटकसरी खरी. पण गुरांना भाकरी मिळावी म्हणून रोज भाकऱ्या करपविणाऱ्या गृहिणीस काय म्हणावें? योजनेचा स्वभाव येथेंच पालटला. नांव मात्र तेंच राहिलें, आणि वर हवामानाचें सोंवळें नेसविण्यांत आलें.

आतां हवामानाचा युक्तिवाद. इथेनॉल जळतांना जो कार्बन सुटतो तो पिकानेंच हवेंतून घेतलेला असतो, सबब जमाखर्च सारखा, असें सांगतात. हा जमाखर्च वहीच्या एकाच पानावर मांडलेला आहे. दुसऱ्या पानावर नैसर्गिक वायूपासून बनणारा युरिया आहे. तो शेतांत पडल्यावर निघणारा नायट्रस ऑक्साईड आहे, आणि हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साईडच्या सुमारें २७३ पट तापदायक ठरतो. पाण्याचे पंप चालविणारी, बव्हंशीं कोळशापासून झालेली वीजहि त्याच पानावर आहे. साखर कारखाने चिपाड जाळून स्वतःची वाफ करतात, ही उंसाची जमेची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. मक्याच्या मद्यार्कास तेवढाहि आधार नाहीं. अमेरिकेनें २००५ मध्यें कायद्यानें मिश्रण सक्तीचें केलें आणि २००७ मध्यें त्याचें प्रमाण वाढविलें. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा कीं, या सक्तीमुळें नव्यानें नांगराखालीं आलेली जमीन हिशेबांत धरली तर मक्याचें इथेनॉल पेट्रोलहून कमी अपायकारक नाहीं. उलट निदान शेंकडा २४ अधिक अपायकारक असण्याचा संभव आहे. या निष्कर्षावर वाद झाला, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या पुण्याविषयीं पंधरा-सतरा वर्षांनंतरहि असा वाद चालूं शकतो, तें पुण्य सिद्ध झालें असें समजून आपण त्यावर देशाचें पाणी सोडावें काय?

आणि ‘पाणी सोडणें’ हा वाक्प्रचार येथें अक्षरशः घ्यावयाचा आहे. नीति आयोगानेंच २०२१ च्या आराखड्यांत म्हटलें आहे कीं, एक टन उंसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल मिळतें, आणि एक लिटर इथेनॉलमागें सुमारें २,८६० लिटर पाणी खर्च होतें. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें, हें वाचक विसरले नसतील. ज्या मिरजेंत २००१ सालीं मिश्रणाचा प्रयोग झाला, तीच ही मिरज! त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, व त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. नीति आयोगाचा आंकडा घेऊन भागाकार केला, तर एवढ्या पाण्यांत सुमारें १७५ लिटर इथेनॉल होतें. शेंकडा २० च्या मिश्रणानें तें ८७५ लिटर पेट्रोलला पुरेल. म्हणजे चाळीस लिटरांची टाकी धरल्यास एकवीस-बावीस मोटारी एकदां भरतील. एका शहराच्या तोंडचें पाणी तें, आणि इकडे एका मध्यम गल्लींतील मोटारींची एका आठवड्याची चैन! उंसाचें कांहीं पाणी आकाशांतून फुकट पडतें, असें कोणी म्हणेल. मराठवाड्यांत आकाश किती उदार असतें, हें त्यानें लातूरकरांसच विचारावें. आणि विचारतांना हेंहि लक्षांत ठेवावें कीं, लातूर स्वतः उंसाचा व साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. केंद्रीय कृषि खर्च व मूल्य आयोगानें आपल्या अहवालांत नमूद केलें होतें कीं, महाराष्ट्रांत लागवडीच्या शेंकडा चारहून कमी क्षेत्रावर असलेला ऊंस सिंचनाचें जवळजवळ शेंकडा ७० पाणी पितो. ब्राझीलचा दाखला देणारे विद्वान हें सोयीस्कर विसरतात कीं, १९७५ पासून मद्यार्काची योजना चालविणाऱ्या त्या देशाचा ऊंस मुख्यतः पावसावर वाढतो. आमचा कालव्यावर आणि विहिरीच्या तळावर वाढतो.

‘अतिरिक्त’ हा दुसरा शब्द आम्हांस फार खटकतो. अतिरिक्त धान्यापासून इथेनॉल करावें, असें धोरण म्हणतें, आणि २०२० च्या एप्रिलमध्यें अन्न महामंडळाच्या तांदळास त्यानुसार मोकळीकहि मिळाली. पुढें भाव चढले तेव्हां २०२३ च्या जुलैमध्यें तोच तांदूळ आसवन्यांस देणें थांबवावें लागलें. पावसानें ओढ दिली तेव्हां त्याच वर्षाच्या ७ डिसेंबरला उंसाच्या रसावर बंदी आली, आठवड्याभरांत ती सैल झाली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें सर्वस्वी उठली. २०२४-२५ या वर्षासाठीं पुनः ५२ लाख टन तांदूळ काढून ठेवण्यांत आला. एका पावसाच्या लहरीनें नाहींसें होतें आणि दुसऱ्या पावसानें परत येतें, त्यास अतिरिक्त म्हणत नाहींत. त्यास संकटकाळची शिल्लक म्हणतात, आणि शहाणा कुणबी ती कणगींत ठेवतो. मक्याची कथा याहून बोलकी आहे. मका निर्यात करणारा हा देश २०२४ मध्यें निर्यातीहून आयात अधिक करूं लागला. एका खिशांत वांचविलेलें परकीय चलन दुसऱ्या खिशांतून गेलें. ज्या देशांत ८० कोटींहून अधिक माणसांस सरकार फुकट धान्य देतें, आणि ज्याच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील शेंकडा ३५.५ बालकें खुरटलेलीं आढळलीं, त्या देशानें धान्याला अतिरिक्त म्हणण्यापूर्वीं जीभ चावावयास हवी होती.

या धोरणाच्या बाजूनें एक मुद्दा आहे, आणि तो बळकट आहे. इथेनॉलच्या पैशामुळें कारखान्यांच्या हातीं रोकड खेळते आणि उंसाचीं देणीं पूर्वींपेक्षां लवकर चुकतीं होतात. थकलेल्या बिलासाठीं कारखान्याच्या फाटकाशीं हेलपाटे घालणारा शेतकरी ज्यानें पाहिला आहे, तो या मुद्द्याची थट्टा करणार नाहीं. आम्हीहि करीत नाहीं. पण मग तसेंच म्हणावें ना! ‘साखरधंदा अडचणींत आहे, त्याला आम्ही आधार देत आहों’, असें सरकारनें सभागृहांत सांगावें, म्हणजे त्यावर साखरधंद्याचा प्रश्न म्हणून चर्चा होईल. ज्वारी-तूर पिकविणारा कोरडवाहू शेतकरी तेव्हां विचारील कीं, खरेदीची जी हमी माझ्या शेजाऱ्याच्या उंसास आहे, ती माझ्या पोत्यास कां नाहीं? हवामानाचें नांव घेतलें कीं हा प्रश्न विचारणाराच पृथ्वीचा वैरी ठरतो. या नांवाची खरी उपयुक्तता आमच्या मतें हीच आहे.

मोटारमालक वाचकांस याच आराखड्यांतील आणखी एक ओळ सांगणें अवश्य आहे. जुन्या मिश्रणासाठीं जुळविलेल्या चारचाकी गाड्यांची धांव नव्या मिश्रणावर शेंकडा ६ ते ७ नें घटेल, असें त्यांत अपेक्षिलें होतें. परंतु मोटारवाल्यांचें गाऱ्हाणें आम्ही फार ताणूं इच्छीत नाहीं. तें मांडावयास पुष्कळ वकील आहेत, विहिरीच्या तळाला मात्र वकील नाहीं. सूर्याचा प्रकाश मोटारींत भरावयाचाच असेल, तर हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, पीक त्या प्रकाशाचा शेंकडा एक-दोन अंशच फार तर सांठवतें, आणि सौर तावदान सुमारें शेंकडा २० ची वीज करतें. शिवाय तें पाणी पीत नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. शेवटच्या मळीचा, शेणाचा, पाचटाचा आणि भाताच्या पेंढ्याचा जो काय मद्यार्क वा वायु होईल तो खुशाल करावा; पानिपत येथें पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना २०२२ मध्यें सुरू झाला, त्या दिशेनें आणखी प्रयत्न व्हावेत. रस व धान्य यांपासून होणाऱ्या इथेनॉलला मात्र ‘हवामानरक्षक’ हें बिरुद लावण्यापूर्वीं प्रत्येक आसवनीचा पाण्याचा, खताचा आणि कोळशाचा हिशेब तालुकावार प्रसिद्ध व्हावा, आणि तो दर लिटरच्या भावाशेजारीं पेट्रोल पंपावर लावावा. लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांपासून सुरुवात केली तरी आमची हरकत नाहीं.