वाळूतली थंडी
राजस्थानातल्या चुरूचं नाव आपल्या कानावर येतं ते मे-जूनमध्ये, पारा पन्नाशीला टेकला की. त्याच चुरूत जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा शून्याखालीही उतरतो. करामत वाळूची आणि कोरड्या हवेची: दिवसाची ऊब वाळूच्या वरच्या थरातच राहते आणि निरभ्र रात्री भराभर निसटून जाते. दुपारी मात्र स्वेटर अंगावर नकोसा होतो. जैसलमेरला निघालेले आपले पर्यटक हे सगळं ऐकून घेतात, आणि तरी तंबूतल्या मुक्कामाला पातळ शालच नेतात! कधी पश्चिमी चक्रावातामुळे हिवाळी पाऊस पडला, तर तिथला शेतकरी सुखावतो. ‘मावठ’ म्हणतात या पावसाला. मोहरी-हरभऱ्याला तो हवाच असतो. आपला द्राक्षबागायतदार मात्र अशा पावसाच्या नुसत्या अंदाजानंच धास्तावतो.