पारा उतरला, पण धोका टळला का? खारघरची दुर्घटना आणि वाडीचा उन्हाळा

मे महिन्यात वाडीत कुणीही भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज किती गेला पारा?" ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअसची नोंद केली आणि देशभर चर्चा झाली. सेन्सरमधील बिघाडामुळे ही नोंद चुकीची आली, असे हवामान विभागाने नंतर सांगितले. पण आकड्यांच्या या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. उष्माघात व्हायला ४५ अंशांचीही गरज नसते.

खारघरमध्ये काय घडले?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्या मैदानात भर दुपारपर्यंत बसले होते. उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. नागपूरकराला हा आकडा ऐकून "आज बरं आहे" असे वाटले असते.

फरक पडतो तो हवेतील दमटपणामुळे. आपले शरीर मुख्यतः घामाने थंड होते, पण नुसता घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. दमट हवेत घाम अंगावरच निथळत राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश धरतो. तापमान सरासरीपेक्षा किती जास्त आहे, हेही पाहिले जाते.

मग वाडीला याची काळजी कशाला?

आपला एप्रिल-मे कोरडा असतो, हे खरे. पण दमट उष्णता वाडीतही तीन ठिकाणी गाठते.

पहिले, नवतपा संपल्यावर. जूनमध्ये एखादी सर पडते, पारा उतरतो आणि आपण निर्धास्त होतो. पण पाऊस थांबला की जी उकाड्याची घालमेल होते, तिच्यात घाम वाळत नाही.

दुसरे, बंद खोलीतला कूलर. दारे-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा साचतो. समोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळी हवेत कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाणी भरताना आधी प्लग काढा. लोखंडी कूलरचा शॉक जीवघेणा ठरू शकतो.

तिसरे, अमरावती रोडवरची गोदामे आणि ट्रक. टिनाच्या छताखाली, वारा नसताना हमाली करणाऱ्याच्या शरीरात कष्टामुळेही उष्णता तयार होते. तो सावलीत असला तरी सुरक्षित नसतो.

काय करावे?

- जड कामे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. कामावर नवीन असाल, तर पहिले काही दिवस कामाचा वेळ हळूहळू वाढवा.
- तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या. ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी चालेल. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास साखर-मीठ बेताने घ्या.
- हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- घरातील म्हाताऱ्या माणसांची दुपारी आणि रात्रीही चौकशी करा. टिनाचे घर रात्री उशिरापर्यंत तापलेले असते.
- खिशातला कांदा उष्माघात रोखत नाही. डोक्याला ओला दुपट्टा बांधल्याने मात्र आराम मिळतो.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे येणे ही सुरुवात आहे. काम थांबवा, सावलीत या, ओआरएस घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडेच असेल असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम येतो.

लगेच १०८ वर फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, पंख्याने वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा थंड पट्ट्या ठेवा. शुद्धीवर नसलेल्याला काही पाजू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. रुग्णाचे शरीर जितक्या लवकर थंड होईल, तितका जीव वाचण्याचा संभव जास्त.

तेव्हा पुढच्या वेळी "पारा किती?" विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न जोडा. अंगावरचा घाम वाळतोय का? नसेल वाळत, तर ३६-३८ अंशांतही ४५ अंशांइतकीच काळजी घ्या.