समुपदेशन कोणाच्या संस्कृतीचे? आदिवासी विद्यार्थी आणि वैद्यांचे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निर्णयात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व होय. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि किनवट, माहूर व हिमायतनगर या पट्ट्यातून उच्च शिक्षणासाठी नांदेडला जाणाऱ्या गोंड, कोलाम, आंध व परधान विद्यार्थ्यांचा विचार करता एक प्रश्न शिल्लक राहतो. समुपदेशकाची खोली उघडेल. परंतु हा विद्यार्थी तिच्यात पाऊल टाकील काय? आणि टाकलेच, तर त्याच्याशी कोणाच्या संस्कृतीच्या आधारे बोलले जाईल?

हा विषय मानसतज्ज्ञांचा आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरील आपल्या गावांत सुटीवर आलेला विद्यार्थी बहुधा प्रथम वैद्याकडेच येतो. ‘मन लागत नाही’ असे तो क्वचितच सांगतो. भूक मंदावली, झोप येत नाही, डोके जड असते, पोटात कळ येते, अशा त्याच्या तक्रारी असतात. पाचक चूर्ण आणि एखादी मेध्य वटी देऊन त्याची बोळवण करणे सोपे आहे. पण अग्निमांद्य कशामुळे झाले, हे विचारल्यावाचून केलेली चिकित्सा ही निदानपरिवर्जन नव्हे.

हेतू शोधू लागल्यास ते पुष्कळ सापडतात. घरी गोंडी वा कोलामी, आश्रमशाळेत मराठी आणि विद्यापीठात इंग्रजी, असा भाषेचा तिहेरी उंबरठा अनेकांना ओलांडावा लागतो. ज्वारीची भाकरी, अंबाडी व रानभाज्या यांवर वाढलेला देह शहरातील वडापाव आणि चहावर येतो. २०१८ मध्ये शासनाने शहरांतील आदिवासी वसतिगृहांत भोजनाऐवजी भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी पुण्याहून नाशिककडे मोर्चा काढला होता. पंगतीत बसून जेवणे आणि एकट्याने पैसे वाचवीत काहीतरी खाणे यांतील भेद आहारविधी शिकलेल्या वैद्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडारीचा ढोल वाजत असतो, तेव्हा गावचा हा तरुण कित्येकदा परीक्षेच्या तयारीत अडकलेला असतो.

याहून गंभीर हेतू अवमानाचा आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनीने जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्या प्रकरणी झाला. जेथे दोष वातावरणात असतो, तेथे ‘मन खंबीर कर’ एवढाच उपदेश करणे म्हणजे रोग्यालाच रोगाचे कारण ठरविणे होय. विलंबाने मिळणारी शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागेची टंचाई आणि सहाध्याय्यांचे टोमणे यांवर कोणतेही रसायन नाही. त्यासाठी संस्थेच्या प्रशासनाशीच बोलावे लागते.

आपल्या शास्त्राची दृष्टी येथे उपयोगी पडते. दशविध परीक्षेत सात्म्य व सत्त्व यांना स्वतंत्र स्थान आहे. चरकाचार्यांनी प्रकृतीचा विचार करताना जाती, कुल, देश, काल, वय आणि व्यक्तिविशेष हे सर्व भाव विचारात घेतले आहेत. सत्त्वावजय चिकित्सेत अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह सांगितला आहे. तथापि या रुग्णाला अहित काय आणि हित काय, हे त्याचा देश व कुल जाणल्याशिवाय ठरणार कसे?

येथेच प्रस्तुत लेखकाचा काही वैद्यबंधूंशी मतभेद आहे. या विद्यार्थ्यांसाठी संस्कारशिबिरे घ्यावीत, प्रार्थना व स्तोत्रे शिकवावीत, हेच संस्कृतीला धरून केलेले समुपदेशन, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हेतू चांगला असला तरी ही संस्कृती विद्यार्थ्याची नसून आपली आहे. आपल्या भागातील गोंड समाज चार, पाच, सहा व सात देवांच्या कुळगटांत विभागलेला असून पेरसापेनाची उपासना करतो. त्या विद्यार्थ्याला धीर द्यावयाचा तर त्याच्या कुळाचा, गावाचा आणि वडीलधाऱ्यांचा आधार जागवावा लागेल. आपल्याला परिचित तेवढेच भारतीय, असे मानून बोलू लागल्यास तो विनयाने मान डोलावील आणि पुन्हा येणार नाही. अजपाल, गोपाल व वनवासी यांना औषधींची नावे व रूपे माहीत असतात, असे चरकसंहिताही सांगते. त्यांच्याकडून वनस्पती घ्यावयाच्या आणि त्यांच्या जीवनदृष्टीस मात्र अज्ञान म्हणावयाचे, हे शास्त्राशी सुसंगत नाही.

दुसरा मार्ग शक्य आहे, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था स्थापन केली. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्यातून नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येईल असे, आदिवासी गावासारख्या कुटींचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात मेसन ड्युरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञांनी आरोग्याची कल्पना चार भिंतींच्या सभागृहाच्या रूपाने मांडली. देह, मन, आत्मभाव आणि कुटुंब या त्या चार भिंती. एक भिंत कोसळली तर घर डळमळते. शरीर, सत्त्व व आत्मा यांचा त्रिदंड मानणाऱ्या वैद्यास ही मांडणी परकी वाटू नये. मात्र कुटुंबाची चौथी भिंत आपण अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी.

यास्तव काही सूचना कराव्याशा वाटतात. संघटनेच्या किनवट, माहूर व हिमायतनगर परिसरातील सभासदांनी आदिवासी वसतिगृहांत महिन्यातून एक दिवस आरोग्यतपासणी ठेवावी आणि त्या वेळी औषध लिहिण्यापूर्वी ऐकून घेण्यास वेळ द्यावा. गोंडी वा कोलामी जाणणाऱ्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना व माजी विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व संलग्न महाविद्यालये समुपदेशक नेमतील, तेव्हा आदिवासी समाजातील प्रशिक्षित व्यक्तींना प्राधान्य द्यावे, अशी लेखी विनंती संघटनेने करावी.

आपली मर्यादाही स्पष्ट असावी. जगण्याचा कंटाळा, मरणाचे विचार, भास अथवा व्यसनाधीनता आढळल्यास त्या रुग्णाला आपल्याच औषधांवर ठेवू नये. घरच्या माणसांना विश्वासात घेऊन त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे आणि तेथे तो पोहोचला की नाही याची चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात ठळकपणे लावलेला असावा.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी तालुका शाखांनी या विषयावर एक बैठक घ्यावी आणि तीत वैद्यांबरोबर आदिवासी विद्यार्थ्यांनाही बोलवावे. कार्यक्रम काय असावा, हे प्रथम त्यांनीच सांगावे, अशी नम्र विनंती आहे.