दीड मिनिटाची फिल्म आणि ओले धान्य

हल्ली महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या गटांची एक स्पर्धा भरते. एखाद्या मालासाठी मोबाइलवर हातोहात पसरेल अशी छोटी जाहिरात-फिल्म सुचवायची. आपले काही व्यापारी बांधव याला पोरखेळ समजतात. पण २०१२ साली अमेरिकेत डॉलर शेव्ह क्लब या नव्या कंपनीने सुमारे साडेचार हजार डॉलरांत दीड मिनिटाची फिल्म काढली आणि दोन दिवसांत बारा हजार ऑर्डरी मिळवल्या. मालेगाव-भिवंडीच्या छोट्या यंत्रमागधारकाकडे माल आहे, जाहिरातीला पैसा नाही. त्याने या मुलामुलींना कारखाना दाखवावा, आपल्या मालावर स्पर्धा ठेवावी.

मात्र यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून किंवा पॉलिस्टर रेशीम म्हणून दाखवले, तर फिल्मइतकीच बदनामीही पसरेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ताग्याची डागी घडी आत दडवणाऱ्यालाही हाच सवाल आहे. म्हणून परीक्षकांत एक जुना कारागीर बसवावा. त्याने आधी कापड हातात घ्यावे, फिल्म नंतर पाहावी. बरकत त्यातच आहे.